गिरनार ते कोल्हापूर : ले ग्रँड जेकबच्या कागदांचे वाचन

पालि आणि अशोकीय अभिलेख यांचा अभ्यास करणाऱ्यास जॉर्ज ले ग्रँड जेकब हे नाव प्रथम भेटते ते गिरनारच्या संदर्भात, बहुधा एखाद्या तळटीपेत. कोल्हापूरच्या माणसास तेच नाव भेटते ते सर्वस्वी निराळ्या प्रसंगी : १८५७ साली येथील सत्ताविसाव्या पलटणीला निःशस्त्र करणारा, बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी देणारा आणि चिमासाहेब महाराजांना कराचीस पाठविणारा अधिकारी म्हणून. विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकाने हे दोन निरनिराळे जेकब आहेत असे खुशाल गृहीत धरले होते. सिंधमधील जेकबाबाद ज्याच्या नावाने वसले तो जॉन जेकब आणखी तिसरा. तो याचा चुलतभाऊ. हा गोंधळ दूर झाला तो फार उशिरा, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचे जुने खंड चाळताना.

एकाच माणसाने तीन प्रकारचे कागद मागे ठेवावेत, हा योग इतिहासाच्या अभ्यासात वारंवार येत नाही. जेकबचे शोधलेख मुंबई शाखेच्या नियतकालिकात आहेत. त्याचे अहवाल व पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या दप्तरात आहेत. काठेवाडच्या स्थितीविषयीचा १८४२ चा अहवाल तर छापूनही निघाला. आणि निवृत्तीनंतर त्याने आपल्या आठवणी लिहिल्या : ‘वेस्टर्न इंडिया बिफोर अँड ड्युअरिंग द म्युटिनीज’, लंडन, १८७१. कोल्हापूरच्या अठराशे सत्तावनवर लिहिणारा प्रत्येक लेखक या ना त्या मार्गाने या शेवटच्या पुस्तकापाशी येतो. तेथून तो काय उचलतो आणि कसे उचलतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम गिरनार. जुनागढजवळच्या त्या एकाच प्रस्तरावर अशोकाचे चौदा लेख आहेत, क्षत्रप रुद्रदामनाचा लेख आहे आणि स्कंदगुप्ताचाही आहे. १८३५ साली डॉ. जॉन विल्सन यांनी तो पाहिला; त्यांच्यासाठी कॅप्टन लँगने कापडावर ठसे घेतले; ते कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे गेले आणि १८३७-३८ मध्ये प्रिन्सेपने त्यांचे वाचन केले. हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या मानाने अल्पश्रुत आहे तो पुढचा भाग. कापडावरील ठशांत अक्षरे निसटली होती, काही चुकीची उतरली होती. तेव्हा १८४० च्या दशकाच्या आरंभी, काठेवाडात राजकीय अधिकारी असलेल्या कॅप्टन जेकबने डॅनिश पंडित वेस्टरगार्ड यांच्यासमवेत पुन्हा त्या दगडापाशी जाऊन नवी प्रत तयार केली व ती मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे १८५० मध्ये होरेस हेमन विल्सन यांनी अशोकलेखांची फेरतपासणी केली, तीत या प्रतीचा उपयोग झाला. सावंतवाडी संस्थानात असताना नेरूर येथे सापडलेले चालुक्यांचे ताम्रपट प्रकाशात आणले तेही जेकबनेच.

या कामातील त्याची शिस्त लक्षात घेण्याजोगी आहे. आधीची प्रत नामांकित माणसाने वाचलेली आहे, एवढ्यावर तो थांबला नाही. मूळ दगड काय म्हणतो, हे त्याने जाऊन पाहिले. पालि ग्रंथांचे संपादन करणाऱ्यास ही शिस्त परकी नाही. एकाच मातृकेवरून उतरलेली दहा हस्तलिखिते हाती आली तरी ती दहा साक्षी होत नाहीत. साक्ष एकच राहते, नकला दहा होतात. सिंहली, बर्मी व सयामी परंपरांतील पाठ आपण शेजारी ठेवतो ते त्या परंपरा काही काळ तरी परस्परांपासून अलग वाहिल्या म्हणून.

आता हीच कसोटी जेकबच्या आठवणींना आणि त्यांवर उभ्या असलेल्या कोल्हापूरच्या इतिहासाला लावून पाहू.

घटना थोडक्यात अशा. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापूर छावणीतील सत्ताविसाव्या मुंबई नेटिव्ह पायदळ पलटणीतील काही शिपायांनी उठाव केला, खजिना लुटला. त्यांतील एका तुकडीने शहराजवळच्या पागेचा आश्रय घेतला. साताऱ्याहून दक्षिण मराठा घोडदळाचे स्वार घेऊन लेफ्टनंट विल्यम कर धावून आला आणि ती पागा दरवाजा फोडून घेतली गेली. इराणच्या मोहिमेवरून नुकताच परतलेला जेकब ऑगस्टच्या मध्यास विशेष अधिकार घेऊन कोल्हापुरात पोहोचला. पलटण निःशस्त्र झाली, लष्करी न्यायालये बसली, शिक्षा झाल्या : काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहरानेच वेशीचे दरवाजे बंद केले. ते फोडून जेकब आत आला आणि पुन्हा देहान्त शिक्षा झाल्या. गादीवर असलेले छत्रपती शिवाजी (कोल्हापुरात त्यांना बाबासाहेब म्हणत, आजच्या वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून हे सांगितले पाहिजे) यांच्यावर संशय राहिला नाही, परंतु धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर तो स्थिरावला. १८५८ मध्ये त्यांना राजबंदी म्हणून कराचीस नेण्यात आले. १८६९ मध्ये ते तेथेच वारले. शहरातील एका चौकाला आज त्यांचे नाव आहे.

यांपैकी कितीतरी तपशील आपल्याला दोन, तीन, चार ग्रंथांत ‘पुष्ट’ झालेला आढळतो. परंतु मॅलेसनने आपल्या बंडाच्या इतिहासात कोल्हापूरचे प्रकरण लिहिले ते जेकबच्या पुस्तकाचा आधार घेऊन. होम्सच्या ग्रंथाचा आधारही तोच. नंतरच्या मराठी लेखकांपैकी कोणी मॅलेसन वाचला, कोणी होम्स, कोणी दोघे. मग तळटीपेत तीन नावे येतात आणि वाचकाला वाटते की तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत. वास्तविक साक्षीदार एक आहे, आणि तो आरोप करणाऱ्या पक्षाचाच आहे. हे सारे लेखक खोटे बोलतात असा याचा अर्थ नाही. एकाच विहिरीचे पाणी तीन घागरींत भरले तर तीन विहिरी मोजू नयेत, इतकाच आहे.

याच पुस्तकाचा एक विलक्षण उपयोग पुढे झाला. कटवाल्यांनी राखलेल्या गुप्ततेचे, एका गटाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देण्याच्या त्यांच्या योजकतेचे आणि परस्परांवरील निष्ठेचे जेकबने मोकळेपणाने कौतुक केले आहे. वि. दा. सावरकरांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात हे कौतुक साक्ष म्हणून पुढे आणले : सत्तावनचा उठाव सुसंघटित होता, हे शत्रूनेच मान्य केले आहे. युक्तिवाद म्हणून तो परिणामकारक आहे. शत्रूची कबुली ही सर्वांत भक्कम साक्ष, असे आपण व्यवहारातही मानतो. परंतु ती कबुली कोणत्या गरजेतून आली, हे विचारल्यावाचून तिचे मोल ठरत नाही. एका राजपुत्राला जन्मभर परमुलखात ठेवण्याची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याने चौदा वर्षांनंतर हे लिहिले आहे. जेथे हातात पुरावा थोडा आणि कारवाई मोठी, तेथे कटाच्या गुप्ततेची थोरवी वाढविणे हे त्या अधिकाऱ्याला सोयीचे असते : पुरावा सापडला नाही, कारण कट फार हुशारीने रचलेला होता. मॅलेसनला याच पानांत इंग्रजी शौर्य दिसले, सावरकरांना स्वातंत्र्याची संघटना दिसली. प्रस्तुत लेखकाला तेथे एका माणसाचे स्वसमर्थनही दिसते. या तीन वाचनांपैकी तिसरे सर्वांत कमी झाले आहे, म्हणून ते येथे मांडले.

जेकबवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगावे लागेल की तो अंध साम्राज्यवादी नव्हता. दत्तकविधान नाकारणे, इनाम कमिशनने जुन्या घराण्यांच्या जमिनी तपासून काढून घेणे या धोरणांनी दक्षिण महाराष्ट्रात असंतोष पेरला, हे तो आपल्या सरकारला बजावतो. सामानगडापासून पेटलेला १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव, मनसंतोष गडावरील चढाई, सावंतवाडीतील सहा वर्षांचा कारभार हे सारे त्याने जवळून पाहिलेले होते. हा मुलूख त्याला ठाऊक होता. तरीही त्याच्या टीकेचा रोख कलकत्ता आणि मुंबई येथील धोरणकर्त्यांकडे असतो. संयुत्तनिकायातील योधाजीव ग्रामणी तथागतांचे उत्तर ऐकून रडतो. उत्तर कठोर होते म्हणून नव्हे, तर आजवरच्या गुरूंनी आपल्याला फसविले म्हणून. तशा जागा लष्करी आठवणींच्या वाङ्मयात शोधाव्या लागतात.

येथे एक मोह आवरला पाहिजे, आणि तो आपल्याच वाचकांना अधिक होईल. ज्याने अशोकाचे लेख आपल्या हाताने उतरवून घेतले, त्यानेच माणसे तोफेला बांधली; या विरोधावर एक भावपूर्ण निबंध सहज लिहिता येईल. परंतु तो इतिहास होणार नाही. कलिंगयुद्धानंतरच्या अनुतापाचा तेरावा लेख गिरनार येथे खंडित आहे. रस्त्याच्या कामासाठी दगड काढताना सुरुंग लावल्याने प्रस्तराचा तो भाग उडाला. एक लक्ष मारले गेले, दीड लक्ष हलविले गेले, हे आज आपण पाठ म्हणतो ते शाहबाजगढी, कालसी इत्यादी ठिकाणच्या प्रतींच्या आधारे. केवळ गिरनारच्या दगडावरून तो अर्थ पुरा लागणे शक्यच नव्हते. जेकबने अक्षरे उतरविली; त्यांचा उपदेश त्याला पोहोचला होता असे धरून त्याला दोषी ठरविणे हे, त्याच्या पुस्तकावरून चिमासाहेबांना दोषी ठरविण्याइतकेच घाईचे आहे.

सरकारी कागदाकडे वळू. छापील, शिक्का मारलेला, तारखेसह असलेला कागद म्हणजे सत्य, अशी आपली एक ठाम समजूत असते. पागेवरील हल्ल्याबद्दल लेफ्टनंट कर यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला व १८५८ च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये त्याची घोषणा झाली. त्या घोषणेत पराक्रमाची तारीख १० जुलै १८५७ अशी दिली आहे. ज्या उठावाच्या मोडीसाठी हा पराक्रम झाला, तो उठावच ३१ जुलैच्या रात्रीचा! महिना चुकला आहे, हे उघड आहे. पण राजमुद्रेच्या कागदावर छापले गेल्यामुळे ती तारीख संदर्भग्रंथांतून आजतागायत फिरत आहे. पदव्युत्तर वर्गात असताना प्रस्तुत लेखकाने एका निबंधात तीच निमूट उतरवून दिली होती. तपासणाऱ्या गुरुजींनी तिच्याखाली लाल रेघ ओढून एवढेच विचारले होते, “औषध आधी आणि आजार नंतर?”

त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट दिसते. गॅझेटमध्ये नाव एकट्या करचे आहे. कथनपर ग्रंथांत मात्र दरवाजा फोडताना त्याच्या खांद्याला खांदा लावून असलेला गणपतराव नावाचा एक मराठा येतो. इंग्रजी वर्णलेखनाने त्याचे आडनाव पुरते विरूप करून टाकले आहे. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना मिळू शकेल असा नियम झाला तो १९११ मध्ये. म्हणजे गॅझेट खोटे बोलत नाही. ते ज्यासाठी निघाले तेवढेच सांगते. विनयपिटकातील परिवारात प्रत्येक शिक्षापदाविषयी विचारले जाते : हे कोठे घातले गेले, कोणाला अनुलक्षून, कोणत्या प्रसंगावरून? सरकारी दप्तरातील प्रत्येक कागदास हे तीन प्रश्न विचारावेत. मेजर ग्रॅहॅमचा कोल्हापूर संस्थानावरील १८५४ चा अहवाल किंवा १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर यांचे मोल त्यामुळे उणावत नाही. त्यांतील अभिलेखांच्या नोंदींवाचून येथील प्राचीन इतिहास लिहिता येत नाही. ज्या लेखात ब्रह्माचे दान आणि धर्मगुप्ताने करविल्याचा उल्लेख आहे, ती कोल्हापूरची बौद्ध धातुपेटिका आपल्याला ज्ञात झाली तीही अशाच नोंदींमुळे. महसूल ठरविण्यासाठी गावे मोजणाऱ्याला स्तूप आडवा आला, म्हणून त्याने तो लिहिला. आपण कृतज्ञ राहावे.

नियतकालिकांचे काय? सत्तावनच्या पूर्वीच ‘ज्ञानोदय’ आणि ‘ज्ञानप्रकाश’ ही पत्रे निघत होती. परंतु जून १८५७ मध्ये छापखान्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला, आणि त्या वर्षीच्या मराठी पत्रांचे मौन हे त्या कायद्याच्या छायेत वाचावे लागते. कोणी काही लिहिले नाही म्हणून लोकांना काही वाटले नाही, असा निष्कर्ष काढणे भोळेपणाचे होईल. पंचवीस वर्षांनंतर चित्र पालटलेले दिसते. कोल्हापूरच्या पुढच्या छत्रपती शिवाजींच्या छळाविषयी ‘केसरी’ने आवाज उठविला, कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. कागद बनावट होते. परंतु २५ डिसेंबर १८८३ रोजी तो तरुण राजा अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावला, हे बनावट नव्हते. पुरावा खोटा ठरला की तक्रारही खोटी ठरते, असे नेहमी नसते. न्यायालयाला ते तसे धरावे लागते. इतिहासकारावर ती सक्ती नाही.

येथवर बोलणारे सगळे वरचे लोक आहेत : अधिकारी, संपादक, कारभारी, राजे. शिपाई कोठे आहे? कॅप्टन ग्रँट डफ स्वतः लष्करातील. त्याच्या १८२६ च्या इतिहासात कोरेगावच्या लढाईचे वर्णन जिवंत आहे, पण तेथे नावाने ओळखू येतात ते गोरे अधिकारी. नावांच्या शेवटी ‘नाक’ असलेले शिपाई आपल्याला भेटतात ते कोरेगावच्या स्तंभावर, पडलेल्यांच्या यादीत. यादी हा वाङ्मयाचा सर्वांत रुक्ष प्रकार. परंतु तिला शैली नसल्यामुळेच ती कोणाला गाळण्याचे कौशल्य दाखवू शकत नाही. आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाल्यावर, निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली जे विनंतिपत्र लिहिले, त्यात प्रथमच पलटणीतला माणूस आपल्या जातीची सेवा पुरावा म्हणून मांडताना दिसतो. हे पत्र सरकारी कागद आहे की लष्करी आठवण? दोन्ही आहे, आणि त्याच्या मागे एका नियतकालिकाची ऊर्मी आहे, जी पुढे ‘सोमवंशीय मित्र’ (१९०८) आणि शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या ‘मूकनायक’ (१९२०) यांत प्रकट झाली. वलंगकरांचे पत्रही अर्थात अर्जदाराचे आहे. अर्जदार आपली बाजू उजळ करून सांगतो. आपल्या माणसाचा कागद म्हणून ती कसोटी सैल करता येणार नाही. चिकित्सेत जवळचा आणि परका असा भेद केला, की दुसऱ्याने केलेल्या भेदाविरुद्ध बोलण्याचा अधिकार जातो.

मूळ पाठाच्या मोलाचे एक मराठी उदाहरण येथे आठवते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापला तो आपल्या दुरुस्त्यांसह. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला १९६६ साली. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे म्हणून वैद्यांनाही वाचत होता. सीताराम नावाच्या सुभेदाराच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या आठवणींची तर मूळ हिंदुस्थानी प्रतच कोणाच्या हाती लागलेली नाही. आपण वाचतो ते नॉरगेटचे इंग्रजी. तरीही हे ग्रंथ टाकाऊ नव्हेत. बुद्धघोषांची अट्ठकथा बुद्धकाळानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिली गेली, म्हणून आपण ती टाकून देत नाही. तिच्या पोटात प्राचीन सिंहली अट्ठकथांचे थर आहेत, ते ओळखतो. १८७१ च्या जेकबच्या पोटात १८५७ चा जेकब आहे. त्याला वेगळा काढण्यासाठी त्याच वर्षीची त्याची पत्रे आणि अहवाल शेजारी ठेवून वाचावे लागतात. त्यांतील बराच भाग मुंबई सरकारने १९५७ पासून प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथांत आणि पुराभिलेखागारात उपलब्ध आहे.

महापरिनिब्बानसुत्तात भोगनगरच्या आनंदचैत्यात तथागतांनी चार महापदेश सांगितले. कोणी म्हणेल, हे मी साक्षात भगवंतांकडून ऐकले. कोणी म्हणेल संघाकडून, कोणी थेरांकडून, कोणी एका थेराकडून. त्याचे अभिनंदन करू नये, धिक्कारही करू नये. ते शब्द नीट ग्रहण करून सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत. येथे अडचण अशी की चिमासाहेबांच्या बाबतीत ताडून पाहण्यास दुसरा पाठ समोर नाही. गिरनारचा तेरावा लेख तुटला तेव्हा कालसी होते, शाहबाजगढी होती. कोल्हापुरात मात्र जेकब एकटाच बोलतो आहे.

दुसरा पाठ शोधण्याची एक जागा तरी सांगता येईल. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता आणि त्याचा कारभार सिंधच्या कमिशनरकडून चाले. कराचीतील राजबंद्याचा भत्ता, नोकरचाकर, आजारपण, अर्ज, भेटीची परवानगी हा सारा व्यवहार त्या कचेरीतून मुंबईच्या राजकीय खात्याकडे जाणे क्रमप्राप्त होते. १८५८ ते १८६९ ही अकरा वर्षे आहेत. बंदिवानाने या काळात स्वतः केलेला एखादा अर्ज, मोडीत असो वा इंग्रजी तर्जुम्यात, मुंबईच्या दप्तरात मिळाला, तर तो जेकबच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचता येईल. मोडी वाचू शकणारे विद्यार्थी कोल्हापुरात अजून आहेत. राजकीय खात्याच्या त्या वर्षांच्या बाडांपासून त्यांनी आरंभ करावा.